सर्व्हरची वीज आणि त्यांचे शीतकरण

छत्तीसगडमध्ये खरिपाचा हंगाम संपला की शेतकरी आपले धान सहकारी सोसायटीच्या खरेदी केंद्रावर आणतो. त्याच्या जमिनीची नोंद, विक्रीसाठी मिळालेला दिवस, तोललेल्या धानाचे वजन आणि त्याला मिळावयाची रक्कम या सर्व गोष्टी संगणकावर नोंदविल्या जातात. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या तांदळाचा हिशेबही त्याच मार्गाने चालतो. धान खरेदी आणि शिधावाटप संगणकावर नेणाऱ्या राज्यांत २००७ नंतर छत्तीसगडचे नाव अग्रभागी राहिले आहे. या नोंदी ज्या यंत्रांत साठविल्या जातात त्यांना सर्व्हर म्हणतात. सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीस ही यंत्रे पडत नाहीत. परंतु ती बंद पडली, तर धानाची गाडी केंद्राच्या दारात उभी राहते आणि शिधावाटप दुकानासमोरील रांग पुढे सरकत नाही.

अशा यंत्रणा बंद पडतात तेव्हा दोष नेहमीच गणकयंत्राच्या रचनेत असतो असे नाही. पुष्कळदा तो वीजपुरवठ्यात किंवा खोलीतील उष्णतेत असतो. म्हणूनच सर्व्हर विकत घेण्यापूर्वी त्यांना किती वीज लागेल आणि त्यांनी निर्माण केलेली उष्णता कशी काढून टाकता येईल, याचा विचार करणे आवश्यक ठरते. हा विचार कठीण नाही. त्यासाठी गुणाकार-भागाकार पुरेसे आहेत. मात्र तो योग्य टोकापासून सुरू केला पाहिजे.

एकाच हिशेबाच्या दोन बाजू

विजेवर चालणारा पंप पाणी उंचावर चढवितो. त्याने घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग त्या उंचावरील पाण्यात साठून राहतो. सर्व्हरची गोष्ट निराळी आहे. तो काहीही उचलत नाही अथवा हलवीत नाही. त्याने केलेल्या गणिताला वजन नसते आणि तारांतून बाहेर जाणाऱ्या संदेशांतील ऊर्जा नगण्य असते. त्यामुळे त्याने घेतलेल्या विजेचे जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतर होते. १ किलोवॅट वीज घेणारा सर्व्हर म्हणजे, उष्णतेच्या दृष्टीने पाहता, रात्रंदिवस तापलेली १ किलोवॅटची शेगडीच होय.

ही अडचण नवीन नाही. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या गणकयंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. त्याला थंड ठेवण्यासाठी हवा फुंकणारी मोठी यंत्रे बसवावी लागली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या भारतीय बनावटीच्या गणकयंत्रात सुमारे २,७०० नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, आणि नंतर एका नखाएवढ्या चकतीवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर बसू लागले. प्रत्येक ट्रान्झिस्टरला लागणारी वीज अत्यल्प झाली; परंतु त्यांची संख्या इतकी वाढली की, थोड्याशा जागेत साठणारी उष्णता कमी न होता वाढतच गेली.

यावरून पहिला नियम सहज ध्यानात येतो. विजेचा आकडा हाच उष्णतेचाही आकडा असतो. जितके किलोवॅट तारेतून आत येतात तितकेच किलोवॅट हवेवाटे किंवा पाण्यावाटे बाहेर गेले पाहिजेत. वीजजोडणीचा विचार एकाने आणि वातानुकूलनाचा विचार दुसऱ्याने, एकमेकांशी न बोलता केला, तर दोन्ही हिशेब चुकण्याचा संभव असतो.

रॅक आणि त्यावरील भार

सर्व्हर ज्या लोखंडी चौकटीत एकावर एक बसविले जातात तिला रॅक म्हणतात. तिच्या दर्शनी भागाची रुंदी जगभर १९ इंच, म्हणजे सुमारे ४८३ मिलिमीटर ठरलेली आहे. उंची मोजण्यासाठी ‘यू’ हे माप वापरतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. बहुतेक रॅक ४२ यू उंचीचे असतात. परंतु रॅकमध्ये जागा आहे म्हणून ती भरता येईलच असे नाही. जागा संपण्यापूर्वीच वीज किंवा थंड हवा संपते, असा अनुभव सर्वत्र येतो.

भार ठरविताना सर्वांत अधिक गोंधळ यंत्रावरील पट्टीमुळे होतो. सर्व्हरच्या वीजपुरवठा-पेटीवर ७५० वॅट असा आकडा छापलेला असला, तर ती पेटी अधिकात अधिक तेवढी वीज देऊ शकते एवढाच त्याचा अर्थ असतो. सर्व्हर प्रत्यक्षात किती वीज घेतो, हे त्याच्या आतील भागांवर आणि कामावर अवलंबून असते. म्हणून कामाचा ताण सर्वाधिक असताना मीटर लावून केलेले मोजमाप हाच विश्वसनीय आधार होय. ते शक्य नसेल, तर उत्पादकाने दिलेली गणनेची कोष्टके उपयोगी पडतात.

उदाहरणादाखल रायपूरमधील एखाद्या मध्यम आकाराच्या कार्यालयाची कल्पना करावी. तेथे ३ रॅकमध्ये २४ सर्व्हर आहेत. पट्टीवरील आकडे धरल्यास भार १८ किलोवॅट होतो. मोजमाप केले असता ऐन कामाच्या वेळी प्रत्येक सर्व्हर ३५० वॅट घेतो असे आढळले, तर खरा भार ८.४ किलोवॅट भरतो. माहिती साठविणारी आणि जाळ्याची उपकरणे मिळून आणखी १.६ किलोवॅट लागतात. एकूण १० किलोवॅट झाले. पुढील काही वर्षांत होणाऱ्या वाढीसाठी चौथा हिस्सा अधिक धरला, तर योजनेचा आकडा १२.५ किलोवॅट येतो. पट्टीवरून योजना आखणारा अनावश्यक मोठी यंत्रे घेऊन पैसा वाया घालवील. आजच्या १० किलोवॅटवरच थांबणारा दोन वर्षांत अडचणीत येईल.

विजेच्या दोन वाटा

वरील १२.५ किलोवॅट तीन रॅकमध्ये वाटले, तर प्रत्येकी सुमारे ४.२ किलोवॅट येतात. २३० व्होल्टच्या १६ ॲम्पिअर जोडणीतून जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट मिळू शकतात. आणि अखंड चालणाऱ्या भारासाठी जोडणीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा संकेत पाळल्यास ती मर्यादा २.९ किलोवॅटवर येते. म्हणजे येथे १६ ॲम्पिअरची जोडणी अपुरी आहे. ३२ ॲम्पिअरच्या जोडणीतून याच हिशेबाने ५.९ किलोवॅट घेता येतात, आणि ती पुरेशी ठरते.

महत्त्वाच्या सर्व्हरना दोन वीजपुरवठा-पेट्या असतात आणि त्या दोन स्वतंत्र जोडण्यांना लावल्या जातात. एक जोडणी बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहावे, हा त्यामागील हेतू असतो. परंतु येथे एक फसवी परिस्थिती उद्भवू शकते. समजा, एखाद्या रॅकचा भार वाढत वाढत ८ किलोवॅट झाला. दोन्ही जोडण्यांवर प्रत्येकी ४ किलोवॅट दिसतात आणि सर्व काही सुरक्षित भासते. ज्या दिवशी एक जोडणी तुटते, त्या दिवशी सर्व ८ किलोवॅट दुसरीवर येतात; तिचे सुरक्षा-बटण पडते आणि संपूर्ण रॅक अंधारात जातो. म्हणून दोन वाटांपैकी प्रत्येक वाट एकटीने पूर्ण भार वाहण्यास समर्थ असली पाहिजे. नेहमीच्या दिवसांत प्रत्येक जोडणीवरील भार तिच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांहून कमी दिसणे हा अपव्यय नव्हे. तोच विमा होय.

थंड हवेचा मार्ग

सर्व्हर समोरून हवा ओढून घेतो आणि पाठीमागून गरम हवा बाहेर टाकतो. हवा आत शिरताना आणि बाहेर पडताना तिच्या तापमानात १२ अंश सेल्सिअसचा फरक पडतो असे मानले, तर १ किलोवॅट उष्णता वाहून नेण्यास ताशी सुमारे २५० घनमीटर हवा लागते. वरील कार्यालयातील १२.५ किलोवॅटसाठी हा आकडा ३,१०० घनमीटरच्या पुढे जातो. एवढी हवा योग्य ठिकाणी पोचली नाही, तर वातानुकूलन यंत्र कितीही मोठे असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

यासाठी रॅकच्या ओळी अशा मांडतात की, दोन ओळींची तोंडे एकमेकांकडे आणि पाठी एकमेकींकडे राहतील. त्यामुळे एक गल्ली थंड आणि पुढची गल्ली गरम राहते. रिकाम्या जागी कोरे पत्रे बसवून गरम हवा पुन्हा पुढे येण्याची वाट बंद करावी लागते. हा उपाय अगदी स्वस्त असूनही त्याकडे दुर्लक्ष होते. मग रॅकच्या वरच्या भागातील सर्व्हर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढू लागतात आणि दोष मात्र वातानुकूलन यंत्राला दिला जातो.

सर्व्हरची खोली अतिशय गार असावी, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. शीतकरण क्षेत्रातील अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या अमेरिकन संस्थेने २००४ मध्ये सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी २० ते २५ अंशांची मर्यादा सुचविली होती. २००८ मध्ये ती १८ ते २७ अंशांपर्यंत वाढविण्यात आली. तेव्हा खोली १६ अंशांवर ठेवणे म्हणजे विजेचा अपव्यय होय. तापमान मात्र दाराजवळ न मोजता रॅकच्या समोर, वरच्या टोकाशी मोजले पाहिजे. कारण सर्वांत गरम हवा तेथेच मिळते.

रायपूरचा उन्हाळा आणि पावसाळा

आता खोलीबाहेरच्या हवेकडे वळणे आवश्यक आहे. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती आतून उचलून बाहेर टाकते. बाहेरची हवा जितकी तप्त, तितके हे काम कठीण. रायपूरमध्ये मे महिन्यातील कमाल तापमान सरासरीने ४२ अंशांच्या आसपास असते आणि उष्णतेच्या लाटेत ते ४५ अंशांपलीकडे जाते. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या बाह्ययंत्राभोवतीची हवा त्याहूनही गरम होऊ शकते.

शीतकरणाची क्षमता व्यवहारात ‘टन’ या मापाने सांगितली जाते. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ २४ तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, त्या दराला १ टन म्हणतात. तो ३.५ किलोवॅटइतका भरतो. उदाहरणातील कार्यालयात सर्व्हरचे १२.५ किलोवॅट, यूपीएस यंत्रातील सुमारे १ किलोवॅट आणि दिवे, माणसे व भिंती मिळून दीड किलोवॅट धरल्यास एकूण उष्णता १५ किलोवॅट, म्हणजे सव्वाचार टनांच्या जवळपास होते. यावरून घरगुती धर्तीचे ५ टन क्षमतेचे यंत्र पुरेल असे वाटेल; पण तसे नाही. त्याची क्षमता सामान्यतः बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते. शिवाय माणसांच्या सुखासाठी बनविलेले यंत्र आपल्या शक्तीचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग हवेतील बाष्प काढण्यात खर्च करते. सर्व्हर घाम गाळीत नाहीत. त्यांना कोरडी उष्णता काढणारे यंत्र हवे असते. म्हणून विक्रेत्याला ‘किती टन’ असे न विचारता, ‘बाहेर ४६ अंश असताना किती किलोवॅट कोरडी उष्णता काढली जाईल’ असे विचारले पाहिजे. अशी दोन यंत्रे घ्यावीत: एक चालू आणि एक राखीव. ती आलटून पालटून चालवली, तर राखीव यंत्र गरजेच्या वेळी दगा देत नाही.

रायपूरच्या घरोघरी उन्हाळ्यात पाण्याचे कूलर लागतात. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करण्याची ही पद्धत मोठ्या संगणक केंद्रांतही वापरली जाते आणि तिला वीज कमी लागते. परंतु तिची मर्यादा तापमानापेक्षा हवेतील आर्द्रतेवर अधिक अवलंबून असते. मे महिन्यात तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २४ अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैमध्ये तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर ती २८ अंशांखाली जात नाही. म्हणजे या पद्धतीची खरी कसोटी वैशाखातील नसून आषाढातील असते. केवळ तापमानाचा तक्ता पाहून योजना करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

हिवाळ्यातील रात्री बाहेरची थंड हवा गाळून थेट आत घेणे शक्य असते. मात्र शहराच्या उत्तरेकडील उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांत लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. हवेतील बारीक धूळ गाळण्या लवकर भरून टाकते आणि यंत्राच्या आत गेल्यास पंखे व जोडण्या यांना अपाय करते. तेव्हा गाळणीचा आणि तिच्या देखभालीचा खर्च हिशेबात धरल्याविना हा मार्ग पत्करू नये.

वीज गेल्यानंतरची मिनिटे

वीज खंडित होताच यूपीएस यंत्रातील बॅटऱ्या सर्व्हरचा भार उचलतात आणि काही वेळाने डिझेल जनित्र सुरू होते. बॅटरी अर्धा तास टिकेल अशी व्यवस्था केली की काम झाले, असे अनेकांना वाटते. परंतु वातानुकूलन यंत्र सहसा बॅटरीवर नसते. सर्व्हर चालूच राहतात आणि शीतकरण मात्र थांबते. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा असते. तीत १३ किलोवॅट उष्णता पडत राहिली आणि केवळ हवाच तापत गेली असे मानले, तर तापमान दर मिनिटाला सुमारे ११ अंशांनी वाढेल. भिंती, फरशी आणि लोखंडी सामान पुष्कळ उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ सावकाश होते; तथापि बॅटरीचा अर्धा तास संपण्यापूर्वीच सर्व्हर अतितप्त होऊन बंद पडू शकतात. म्हणून जनित्र आपोआप आणि त्वरित सुरू झाले पाहिजे, आणि सर्व्हरच्या बरोबरीने वातानुकूलनाचाही भार त्याला पेलता आला पाहिजे.

या कार्यालयासाठी सर्वांत कठीण तासाचा हिशेब असा होईल: सर्व्हर १२.५ किलोवॅट, यूपीएसमधील घट १ किलोवॅट, दिवे वगैरे अर्धा किलोवॅट आणि भर उन्हात शीतकरणासाठी सुमारे ६ किलोवॅट. एकूण २० किलोवॅट. रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या पुन्हा भरण्यास लागणारी वीज आणि वातानुकूलन यंत्र सुरू होताना क्षणभर ओढला जाणारा मोठा प्रवाह लक्षात घेता ४० केव्हीएच्या आसपासचे जनित्र योग्य ठरते. ते ताशी सुमारे ६ लिटर डिझेल घेईल. तेव्हा एक पूर्ण दिवस काढण्यास १५० लिटरचा साठा हवा.

बॅटऱ्यांची जागाही विचारपूर्वक निवडली पाहिजे. शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी २५ अंश तापमान योग्य मानतात. त्यापुढे दर १० अंशांच्या वाढीला तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. रायपूरच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या जिन्याखालील बंद कोठीत ठेवणे म्हणजे पाच वर्षांचा माल दोन वर्षांत संपविणे होय.

केवळ मागील अनुभवावर विसंबून चालत नाही, याचे उदाहरण थंड देशातून मिळते. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील तापमानाने प्रथमच ४० अंशांची मर्यादा ओलांडली. त्या दिवशी लंडनमधील गूगल आणि ओरॅकल यांच्या केंद्रांतील शीतकरण कोलमडले आणि काही यंत्रे बंद ठेवावी लागली. तेथील योजना नेहमीच्या उन्हाळ्याला पुरेशी होती. त्या एका दिवसाला ती पुरली नाही.

मोठी केंद्रे, वीज आणि पाणी

एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागले असता येणाऱ्या गुणोत्तराला ‘पीयूई’ म्हणतात. वरील उदाहरणात कठीण तासाला ते २० भागिले १२.५, म्हणजे १.६ येते. १ हा आदर्श कधीही गाठता येत नाही. पण त्याच्या जितके जवळ जावे तितका अपव्यय कमी होतो. वर्षभर चालणारा १ किलोवॅटचा अनावश्यक भार ८,७६० युनिट वीज खातो, हे लक्षात ठेवल्यास कोऱ्या पत्र्यांचे आणि दोन अंश वाढविलेल्या तापमानाचे मोल कळते.

हा प्रश्न आता लहान कार्यालयांपुरता राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे रॅकबँक या कंपनीच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या संगणक केंद्राची पायाभरणी झाली. त्यासाठी सुमारे १३.५ एकर जागा आणि १,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा करण्यात आली. अशा कामासाठी २०२४ नंतर बाजारात आलेल्या काही रॅकना एकेकी १२० किलोवॅटच्या आसपास वीज लागते. उदाहरणातील संपूर्ण कार्यालयाच्या जवळजवळ दसपट भार एकाच चौकटीत सामावतो. एवढी उष्णता हवेने वाहून नेता येत नाही. त्यासाठी नळ्यांतून द्रव थेट तप्त भागापर्यंत न्यावा लागतो.

छत्तीसगडजवळ कोळसा आहे आणि कोरबा येथील औष्णिक केंद्रांमुळे विजेची निर्मितीही मोठी आहे. पाण्याचा हिशेब मात्र स्वतंत्रपणे मांडावा लागतो. १ किलोवॅट-तास उष्णता बाष्पीभवनाने घालविण्यास सुमारे दीड लिटर पाणी लागते. त्यानुसार १ मेगावॅट उष्णतेसाठी दररोज ३५,००० लिटरांहून अधिक पाणी वाफ होऊन जाते. क्षार साठू नयेत म्हणून बदलावे लागणारे पाणी निराळेच. महानदीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात याच पाण्यावर शहरांचे नळ आणि शेतांचे कालवे अवलंबून असतात. बंद फेऱ्यात पाणी खेळवून कोरड्या हवेने ते थंड करता येते, पण मग वीज अधिक लागते. कमी वीज की कमी पाणी, यांतील निवड यंत्रे विकत घेण्यापूर्वी उघडपणे झाली पाहिजे. कारण इमारत उभी राहिल्यावर ती बदलणे फार महाग पडते.

सारांश, योजनेचा क्रम असा असावा: प्रथम प्रत्यक्ष भार मोजावा, तोच आकडा उष्णतेचा म्हणून धरावा, प्रत्येक वीजवाट एकटीने पूर्ण भार वाहील हे पाहावे, हवेचा मार्ग मोकळा आणि वेगळा ठेवावा, आणि यंत्रांची निवड वर्षाच्या सरासरीवरून न करता मे महिन्यातील दुपार, जुलैमधील दमट दिवस आणि वीज गेल्यानंतरची पहिली दहा मिनिटे यांवरून करावी. धानाची गाडी ज्या सर्व्हरच्या भरवशावर केंद्राच्या दारात उभी असते, तो सर्व्हर अशाच एखाद्या वेळी बंद पडतो.